मूकपटाची राणी : रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना

सुलोचना हे नाव उच्चारले की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळी ठसठशीत कुंकू लावलेली सोज्वळ आई. त्या सुलोचनाबाई लाटकर. मराठी आणि हिंदी पडद्यावर आईच्या भूमिका त्यांनी वर्षानुवर्षे केल्या आणि २०२३ साली वयाच्या ९४ व्या वर्षी त्या वारल्या. परंतु लाटकरबाईंचा जन्म होण्याआधीच याच नावाची दुसरी एक नटी मुंबईच्या पडद्यावर राज्य करीत होती. तिचे खरे नाव रूबी मायर्स. जन्माने ती पुण्याची आणि धर्माने यहुदी, म्हणजे आपल्यापैकीच. आज आम्ही वाचकांस या दुसऱ्या, किंवा खरे म्हणजे पहिल्या, सुलोचनेची हकीकत सांगणार आहोत.

हे लिहावयास एक निमित्त घडले. गेल्या हिवाळ्यात आम्ही दुबईस भाच्याकडे राहून आलो. इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात २०२० साली करार झाला, तेव्हापासून आपल्या पासपोर्टावर तेथे जाता येते. भाचा मूळ ठाण्याचा. त्याची नोकरी अल क्वोज या भागात आहे. तेथे गोदामे, गॅरेजे, सुतारकामाचे व लोखंडकामाचे कारखाने आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती यांची गर्दी आहे. रस्त्याने चालताना हिंदी, उर्दू, मल्याळी, बंगाली कानावर पडते आणि मधूनच रत्नागिरीकडची मराठीही. याच वस्तीत अलसर्कल अव्हेन्यू नावाचे एक आवार आहे. तेथील गोदामांत आता चित्रकलेची दालने आहेत, आणि २०१८ पासून सिनेमा अकील नावाचे एक लहानसे चित्रपटगृहही चालते. नेहमीच्या थिएटरात न लागणारे चित्रपट तेथे दाखवितात.

भाच्याने एका संध्याकाळी आम्हांस तेथे नेले. दिवे मालवण्यास अवकाश होता, म्हणून जुन्या नटनट्यांच्या गप्पा निघाल्या. हिंदी पडद्याची पहिली मोठी तारका कोण, असे त्याने विचारले. आम्ही सुलोचना असे सांगताच तो हसला आणि त्या बाईंना आपण मराठी चित्रपटांत पुष्कळदा पाहिले आहे, असे म्हणाला. तो यहुदी घरात वाढलेला, सिनेमाचा शौकीन, तरी त्यास रूबी मायर्स हे नाव ठाऊक नव्हते. परत आल्यावर आम्ही येथील तरुण मंडळींस विचारून पाहिले, तर तोच प्रकार. म्हणून हा लेखनप्रपंच.

रूबी मायर्स यांचा जन्म १९०७ साली पुण्यास झाला. त्यांचे घराणे बगदादी यहुदी. पुण्याचे आपले जुने वाचक जाणतातच की, लष्करात डेव्हिड ससून यांनी बांधलेले ओहेल डेव्हिड, म्हणजे लोकांच्या तोंडचे लाल देऊळ, हे बगदादी मंडळींचे, आणि रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे आपले, बेने इस्राएलांचे. दोन प्रार्थनालये एकाच शहरात, पण दोन समाजांत अंतर होते. आपले पूर्वज कित्येक शतके कोकणात राहून, तेलाचे घाणे चालवून, शनिवार तेली या नावाने ओळखले जाऊन पुरते मराठी झालेले. बगदादी मंडळी त्यामानाने अलीकडे, व्यापाराच्या निमित्ताने आली. घरात आधी अरबी आणि पुढे इंग्रजी बोलू लागली. त्यांचा पोशाख बदलला, शाळा इंग्रजी झाल्या, आणि पुष्कळांना देशी भाषा कामापुरतीच येत असे. रूबी मायर्स यांच्या आयुष्यात या गोष्टीला पुढे फार महत्त्व आले, म्हणून ती येथे सांगून ठेवतो.

तरुणपणी त्या टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत. त्या काळी टेलिफोनचा नंबर आपल्या हाताने लावता येत नसे. एक्स्चेंजमधील मुलीला नंबर सांगावयाचा आणि तिने दोरी खुपसून तार जोडून द्यावयाची. या कामासाठी स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना मागणी असे. काम सन्मानाचे होते आणि पगार ठरलेला. हजारो माणसांनी त्यांचा आवाज ऐकला असेल, पण चेहरा कोणी पाहिला नव्हता. पुढे सिनेमात गेल्यावर नेमके उलट झाले. चेहरा लाखो लोकांनी पाहिला आणि आवाज मात्र सहा वर्षे कोणीच ऐकला नाही.

त्यांना पडद्याकडे ओढले ते कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी. पहिल्या भेटीत रूबीबाईंनी साफ नकार दिला. याचे आजच्या मुलींना आश्चर्य वाटेल, पण तो काळ ध्यानात घ्यावा. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, आणि अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी मोहिनी भस्मासुर या चित्रपटात काम केले खरे, पण त्यानंतरही कुलीन घरची बाई सिनेमात जाणे म्हणजे नाव घालविणे, अशी समजूत पुष्कळ वर्षे टिकून होती. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. अखेर रूबीबाई कबूल झाल्या. अभिनयाचा कसलाही अनुभव पाठीशी नव्हता. १९२५ साली वीर बाला हा त्यांचा चित्रपट आला.

पडद्यावर रूबी मायर्स हे नाव चालणार नव्हते. सुंदर डोळ्यांची ती सुलोचना. रामायणात इंद्रजिताच्या पत्नीचेही हेच नाव आहे, तेव्हा ते प्रेक्षकांच्या कानाला ओळखीचे होते. असे नाव बदलणाऱ्या त्या एकट्याच नव्हेत. त्या काळातील सीतादेवी ही नटी म्हणजे रेनी स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी. ज्या समाजांत बाईने चारचौघांत येण्याला फारसा अडसर नव्हता, त्या अँग्लो-इंडियन आणि यहुदी घरांतून मुली आल्या आणि हिंदू नावे घेऊन सीता, सावित्री, अनारकली झाल्या. मूकपटात बोलावयाचे नसल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. मधून मधून पडद्यावर मजकुराची पाटी येई, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणी तरी ती मोठ्याने वाचून दाखवी. डोळे बोलके असले की काम भागे, आणि सुलोचनेचे डोळे बोलके होते.

एका वर्षातच त्यांचे नाव गाजू लागले. १९२६ च्या टेलिफोन गर्लमध्ये त्यांनी नायिकेचे काम केले. स्वतःच्या जुन्या नोकरीचा त्यांना येथे उपयोग झाला असणार. त्याच वर्षी चंदुलाल शहा यांच्या टायपिस्ट गर्लमध्येही त्या होत्या. चित्रपटांची ही नावेच पाहावीत. मुली कचेरीत टाइपरायटर बडवू लागल्या, टेलिफोन जोडू लागल्या, ही शहरातील नवी गोष्ट होती. देवादिकांच्या गोष्टी पाहावयास सरावलेल्या प्रेक्षकांपुढे स्वतः कमावणारी मुलगी नायिका म्हणून आली. सुलोचनेच्या लोकप्रियतेचे एक कारण हे असावे, असे आम्हांस वाटते. हे काम त्यांनी पोट भरण्यासाठी स्वतः केलेले होते.

पुढे त्या अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेल्या. १९२७ साली भवनानींच्याच दिग्दर्शनाखाली वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे आला. त्यात त्यांनी एकटीने आठ भूमिका केल्या. माळी झाल्या, पोलीस झाल्या, हैदराबादी गृहस्थ झाल्या, रस्त्यावरचे उनाड पोर झाल्या, सोनेरी केसांची युरोपियन मड्डम झाल्या आणि केळी विकणारी म्हातारीदेखील झाल्या. वेषांतराची ही हौस प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली.

त्यानंतर आर. एस. चौधरी यांच्या दिग्दर्शनाखाली तीन मोठे चित्रपट आले : १९२८ साली माधुरी आणि अनारकली, १९२९ साली इंदिरा बी. ए. यांतील अनारकलीची गोष्ट मोठी गमतीची आहे. लाहोरचे लेखक इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावरून दुसरी एक कंपनी मोठ्या थाटामाटाने अनारकलीवर चित्रपट काढीत होती, आणि त्यात वर सांगितलेल्या सीतादेवी नायिका होत्या. इंपीरियलला वार्ता लागली. त्यांनी घाईघाईने आपला अनारकली उरकला, आधी थिएटरात लावला आणि प्रेक्षक खेचून नेले. समोरच्या कंपनीचा भपका जास्त होता, पण लोकांना सुलोचना हवी होती.

त्यांच्या नावाचा त्या काळी किती दबदबा होता, त्याची एक हकीकत सांगतो. महात्मा गांधी खादीच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करीत आहेत, असा एक छोटा चित्रपट निघाला होता. तो दाखविताना त्याच्या जोडीला माधुरी चित्रपटातील सुलोचनेचे लोकप्रिय नृत्य, आवाजाची साथ देऊन, दाखवीत असत. एकीकडे चरखा आणि दुसरीकडे नाच! परंतु लोकांना थिएटरात आणावयाचे तर सुलोचनेचे नाव कामाला येते, हे धंदेवाल्यांना पक्के ठाऊक होते. महिना पाच हजार रुपये पगार, शेव्हरोले मोटार, आणि मुंबईच्या गव्हर्नरापेक्षाही हिला जास्त मिळतात, अशी लोकांत बोलवा. गव्हर्नराची बोलवा खरी की खोटी हा प्रश्न सोडून देऊ. नोकरदार माणसाला महिन्याकाठी शे-दोनशे मिळाले तरी पुष्कळ, असा तो काळ होता.

आणि येथेच गोष्ट फिरली.

१९३१ सालच्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात आलम आरा हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट लागला. तो काढला होता इंपीरियलनेच, अर्देशीर इराणी यांनीच. कंपनीची राणी सुलोचना. मग नायिका कोण असावी, हे वेगळे सांगावयास नको. पण आलम आराची नायिका झाल्या झुबेदा. इराणींच्या मनात प्रथम सुलोचनाच होत्या, परंतु त्यांना हिंदुस्थानी धड बोलता येत नव्हते, असे सांगतात.

आज वाटेल, त्यात काय मोठेसे, दुसऱ्याचा आवाज घालावयाचा. पण तशी सोय तेव्हा नव्हती. नट बोलत असतानाच त्याचा आवाज यंत्रात घ्यावा लागे. स्टुडिओजवळून आगगाडी जाई, म्हणून आलम आराचे चित्रीकरण गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर करीत. मायक्रोफोन नटांच्या आसपास कोठे तरी लपवून ठेवावा लागे. जो बोलेल त्यानेच दिसावयाचे, जो दिसेल त्यानेच गावयाचे. पार्श्वगायन येण्यास आणखी चार वर्षे होती. नायक मास्टर विठ्ठल हे मोठे लोकप्रिय, तलवारबाजीत तरबेज. पण त्यांचेही बोलणे स्पष्ट नसल्याने त्यांना पुष्कळसा वेळ गुंगीत दाखविले, असे म्हणतात. पुरुषाची अशी सोय करता आली. नायिकेला मात्र बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता आणखी एक गोष्ट पाहा. ज्या आलम आराने सुलोचनेला बाजूस सारले, त्याचा लेखक कोण? आपलेच जोसेफ डेव्हिड पेणकर, बेने इस्राएल. त्यांच्याच नाटकावरून हा बोलपट निघाला. पारशी रंगभूमीसाठी त्यांनी पुष्कळ नाटके लिहिली होती आणि हिंदुस्थानी भाषा त्यांच्या हातात मळलेल्या कणकेसारखी होती. एक यहुदी संवाद लिहितो आहे आणि दुसऱ्या यहुदी बाईला ते बोलता येत नाहीत! बगदादी मंडळी आपल्याला काहीशी कमी लेखीत, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळदा बोलून दाखविले आहे. परंतु पडदा बोलू लागला त्या दिवशी पैसा, गोरा रंग, इंग्रजी शाळा यांतील काही कामाला आले नाही. कामाला आली ती त्या मातीतील भाषा. ती आपल्याजवळ होती आणि त्यांच्याजवळ नव्हती.

हे लिहिताना आम्हांस तिळमात्र आनंद होत नाही. कारण पुढे आपल्यावरही तीच पाळी आली. आम्ही मुंबईस एली कदूरी शाळेत शिकलो, एस. एस. सी. झालो आणि १९७८ साली आई-वडिलांबरोबर आलिया केली. मराठीत निबंधाला बक्षिसे मिळविलेले आम्ही येथे उल्पानच्या बाकावर मुके होऊन बसलो. बाजारात बोटाने भाजी दाखवावी, बोटांनीच किलो सांगावेत, आणि पुढचा काही बोलला की हसावे. आमचे वडील मुंबईत कचेरीत हेडक्लार्क होते. येथे हिब्रू येईना म्हणून कारखान्यात खोकी भरण्याचे काम त्यांनी पत्करले. त्या दिवसांत आम्हांस कोणी सुलोचनेची गोष्ट सांगितली असती तर बरे झाले असते, असे आता वाटते. आपल्या अनेक वाचकांच्या घरी असेच घडलेले आहे. मूकपटाचे दिवस आपणही काढलेले आहेत.

तर सुलोचनेने काय केले? वय चोवीस. पैसा गाठीला होता, कीर्ती होती. रुसून घरी बसता आले असते, किंवा बोलपट म्हणजे चार दिवसांचे खूळ, असे म्हणता आले असते. तसे म्हणणारे त्या काळी थोडे नव्हते. त्यांनी सुमारे वर्षभर काम थांबविले आणि हिंदुस्थानी शिकावयास बसल्या. जिच्या नावावर थिएटरे भरत, ती बाई पुन्हा मुळाक्षरांपाशी आली. आम्ही आयुष्यभर मास्तरकी केली, म्हणून सांगतो : लहान मुलाला चूक करण्याची लाज नसते. मोठ्या माणसाला शिकविताना अर्धी मेहनत त्याची लाज घालविण्यात जाते. आणि सगळा गाव ज्याला ओळखतो त्याची लाज किती मोठी असेल!

१९३२ साली त्या परत आल्या, त्या बोलक्या माधुरीसह. तोच चित्रपट, तीच नायिका, पण आता तोंडात भाषा होती. प्रेक्षकांनी त्यांना स्वीकारले. मग त्यांच्या गाजलेल्या मूकपटांचे बोलपट एकामागून एक निघाले. इंदिरा बी. ए. होती, ती १९३४ साली इंदिरा एम. ए. झाली. नायिकेने मधल्या काळात वरची पदवी घेतली, आणि नटीनेही एक परीक्षा दिलेली होती. १९३५ साली अनारकली पुन्हा आला, १९३६ साली वाइल्डकॅटचा बंबई की बिल्ली झाला. त्यांचे नायक बहुधा दिनशा बिलिमोरिया. १९३३ ते १९३९ या काळात ही दोघे एकमेकांखेरीज दुसऱ्या कोणाबरोबर काम करीत नसत. पडद्याबाहेरही त्यांची जोडी जमलेली होती आणि तिची चर्चा घरोघरी चाले. मधल्या काळात रूबीबाईंनी स्वतःची रूबी पिक्स ही संस्थाही काढली. नटीने स्वतः निर्माती होणे ही त्या वेळी धाडसाची गोष्ट होती.

परंतु दिवस सारखे राहत नाहीत. १९३८ च्या सुमारास इंपीरियल कंपनी बंद पडली. बिलिमोरियांची जोडी फुटली. नव्या मुली आल्या. त्यांना गाता येत होते आणि भाषा त्यांच्या घरची होती. सुलोचनेची मागणी कमी होत गेली. चाळिशीच्या आत-बाहेर त्यांना नायिका म्हणून कोणी बोलावेना.

पुष्कळ नटनट्या अशा वेळी काळाच्या पडद्याआड जातात. काही दारूत बुडतात, काही जुन्या फोटोंशी बोलत बसतात. रूबीबाई लहान भूमिका करू लागल्या. १९४७ साली दिलीपकुमार आणि नूरजहान यांचा जुगनू आला. त्यात त्यांचे प्रौढ वयाचे काम होते, आणि वयस्क प्राध्यापक त्यांच्यावर भाळतो, असे दाखविलेले होते. हे नीतीला धरून नाही, म्हणून मुंबई सरकारात गृहखाते सांभाळणाऱ्या मोरारजी देसाई यांनी त्या चित्रपटावर बंदी घातली. चाळिशीच्या बाईवर कोणी प्रेम करावे, एवढे सरकारला सहन झाले नाही!

मग १९५३ साल उजाडले आणि अनारकली तिसऱ्यांदा निघाला. हा आपल्यापैकी वडील मंडळींनी पाहिलेला असेल. सी. रामचंद्रांचे संगीत आणि लताबाईंचा आवाज कोण विसरेल? अनारकली बीना राय, सलीम प्रदीपकुमार. आणि सलीमची आई? सुलोचना. दोनदा जिने अनारकली केली, मूकपटात एकदा आणि बोलपटात एकदा, तिने तिसऱ्या वेळी नव्या अनारकलीला जागा करून दिली आणि स्वतः मागे, राजमातेच्या जागी उभी राहिली. प्रेक्षागृहात पन्नाशीचे जे प्रेक्षक बसले असतील त्यांना आपली अनारकली ओळखू आली असेल. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलांना तिच्यात फक्त एक प्रौढ बाई दिसली असेल.

आमच्या वडिलांच्या खोक्यांची आम्हांस येथे पुन्हा आठवण होते. माणसाची खरी परीक्षा मोठी भूमिका मिळाली तेव्हा होत नाही. मोठी भूमिका गेल्यावर जी लहान मिळते, ती तो कशी करतो यात ती असते. रूबीबाईंनी ती नेमाने केली. नील कमलमध्ये त्या होत्या. १९७० च्या दशकात इस्माइल मर्चंट यांनी आपल्या महात्मा अँड द मॅड बॉय या छोट्या चित्रपटात त्यांना मानाने बोलाविले. त्याच दशकाच्या अखेरीस आलेल्या बासू चॅटर्जींच्या खट्टा मीठामध्येही त्यांचे नाव आहे. त्याच चित्रपटात आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकरही आहेत, म्हणजे बगदादी आणि बेने इस्राएल दोघेही एका पारशी कुटुंबाच्या गोष्टीत एकत्र आले.

सरकारनेही अखेर दखल घेतली. चित्रपटक्षेत्रातील सर्वांत मोठा सन्मान म्हणजे दादासाहेब फाळके पुरस्कार. तो १९६९ पासून देऊ लागले आणि पहिला मान देविकाराणी यांना मिळाला. १९७३ सालचा पुरस्कार रूबी मायर्स यांना मिळाला. हा मान मिळालेल्या त्या पाचव्या, आणि स्त्रियांत दुसऱ्या. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार पुण्याच्या एका यहुदी मुलीला मिळाला, ही गोष्ट आपण आपल्या नातवंडांना सांगण्यासारखी आहे.

रूबीबाईंनी एक मुलगी दत्तक घेतली होती. १९८३ च्या १० ऑक्टोबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ७६ वर्षांचे होते. २०१३ साली भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली, तेव्हा भारताच्या टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांचेही तिकीट निघाले. २०१७ साली शालोम बॉलिवूड हा माहितीपट निघाला आणि त्यात हिंदी पडद्यावरील यहुदी मंडळींची हकीकत आली. सुलोचना, प्रमिला म्हणजे एस्तेर अब्राहम, नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल, आणि आपले डेव्हिड.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म पटकन पेट घेई, दमट हवेत चिकटून कुजे, आणि बोलपट आल्यावर जुन्या फिल्मी वितळवून त्यांतील चांदी काढून घेत. आलम आरादेखील असाच नाहीसा झाला. जुने चित्रपट जपून ठेवणारी सरकारी संस्था, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ साली निघाली आणि ती आहे पुण्यास. रूबीबाई जेथे जन्मल्या त्याच गावी. तोवर मात्र फार उशीर झालेला होता.

अल क्वोजच्या त्या थिएटरातून बाहेर पडलो तेव्हा रात्र झाली होती. भाच्याच्या कारखान्यातील राजापूरचा एक मुलगा आमच्याबरोबर आला होता. येऊन सहाच महिने झालेले. गाडीत बसल्या बसल्या तो दुकानांच्या पाट्यांवरील अरबी अंक बोटाने हवेत गिरवून मनाशी म्हणत होता. मुकादमाचे बोलणे समजत नाही म्हणून साहेब रोज ओरडतो, असे त्याने थोडे लाजत सांगितले. आम्ही त्यास वाटेत सुलोचनेची गोष्ट सांगितली. ती कोण, हे त्यास ठाऊक नव्हतेच. पण ती वर्षभर घरी बसून भाषा शिकली, हे त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतले, आणि मग पुढच्या पाटीवरचा अंक मोठ्याने वाचला. तो बरोबर होता.